देवी कुणाच्या बाजूची?

(तुळजापूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

तुळजापुरात बसून देवीबद्दल बोलायचं म्हणजे जोखमीचं काम आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी सकाळी दर्शन करून आल्या आहात. काही जणींच्या घरी परडी आहे, गळ्यात कवड्यांची माळ घालून जोगवा मागितलेल्या आया-आज्या आहेत. काही जणी असं काहीच मानत नाहीत. मी कुणाच्याच श्रद्धेचं मोजमाप करायला उभी राहिलेली नाही. मला आज तुमच्याबरोबर एकच प्रश्न सोडवायचा आहे. तो असा की बाई अडचणीत सापडते तेव्हा देवी कुणाच्या बाजूनं उभी राहते? आणि ती तशी उभी राहते हे ठरवतं कोण?

आपण गावात बैठक घ्यायला गेलो की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं वाक्य सरपंच, गुरुजी, कधीकधी सासूबाई म्हणतात: "आपल्याकडे बाईला देवी मानतात, तुम्हाला हक्क कसले हवेत?" दुसरं वाक्य आपल्यातल्याच काही जणी म्हणतात: "देवधर्म ही सगळी पुरुषांनी रचलेली गोष्ट, तिकडे बघूच नका." पहिलं वाक्य आपलं तोंड बंद करतं. दुसरं वाक्य आपल्याला बायकांपासून तोडतं, कारण बायकांच्या आयुष्यात देवी आहेच. दोन्ही वाक्यांना उत्तर द्यायचं तर थोडं लांब जाऊन यावं लागतं. शेजारच्या घरातला केर आधी दिसतो, मग आपल्या उंबऱ्यातला. म्हणून आज मी ग्रीस, इजिप्त आणि रोम या तीन जुन्या संस्कृतींतल्या देवदेवता तुमच्यापुढे आणणार आहे आणि त्यांच्या शेजारी आपली भवानी आणि आपली रेणुका बसवणार आहे.

हे देव आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. इथून जवळच तेरणेच्या काठी तेर आहे. आपण ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखतो. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव तगर होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली, तिच्यात तगरचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं गाव, तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जातं, असं तो सांगतो. तिथून ते जहाजानं इजिप्तला आणि रोमन लोकांच्या बाजारात जाई. ते सूत कुणी कातलं असेल हे मी तुम्हाला सांगायला नको.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली. पॉम्पेई शहर सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ही मूर्ती त्याआधीच आपल्याकडून तिकडे पोचली होती. त्याच पॉम्पेईत इसिस या इजिप्तच्या देवीचं देऊळ होतं आणि रोमन लोकांची व्हीनसही होती. उलट दिशेनंही माल येत होता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्राचा ग्रीक देव पोसायडन याची काशाची मूर्ती मिळाली.

पॉम्पेईची ती हस्तिदंती बाई सापडली तेव्हा अभ्यासकांनी तिला 'लक्ष्मी' म्हणून टाकलं. दागिने घातलेली भारतीय बाई आहे, तर देवीच असणार! पुढे बारकाईनं पाहिल्यावर बरेच जण म्हणू लागले की ही लक्ष्मी नसून यक्षी असावी. तिच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे. ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावा, असे अंदाज आहेत. म्हणजे नाव लक्ष्मीचं आणि काम वजन पेलण्याचं. आपल्यापैकी कितीजणींना सासरी आल्या दिवशी 'घरची लक्ष्मी' म्हटलं होतं, हात वर करा. बघा, सगळ्यांचेच वर झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मी तीन कसोट्या लावणार आहे. पहिली कसोटी: बाईवर अत्याचार होतो तेव्हा देवी काय करते?

तुळजाभवानीच्या महात्म्यात कथा आहे. कर्दम ऋषी वारले. त्यांची बायको अनुभूती सती जायला निघाली, पण मूल लहान होतं म्हणून तिला थांबवलं गेलं. पुढे ती मंदाकिनी नदीच्या काठी तपाला बसली. तिथे कुकुर नावाचा दैत्य आला आणि त्यानं तिच्यावर हात टाकला. तिनं देवीचा धावा केला. देवी त्वरेनं धावून आली आणि तिनं दैत्याला मारलं. त्वरेनं आली म्हणून त्वरिता, त्वरिताचं तुरजा आणि तुरजाची तुळजा झाली, असं सांगतात. नीट ऐका. महाराष्ट्राच्या कुलस्वामिनीचं नावच मुळी या गोष्टीवरून पडलं आहे की एका विधवेवर अत्याचार होत होता आणि देवी उशीर न करता आली. देवीनं अनुभूतीला विचारलं नाही की तू एकटी नदीकाठी का बसली होतीस. कपडे कसे होते, ओरडलीस किती वेळा, अंगावर जखमा कुठे आहेत, यातलं काहीच विचारलं नाही.

आता रोमला चला. ओव्हिड नावाच्या कवीनं पहिल्या शतकाच्या सुरुवातीला मेडुसाची गोष्ट सांगितली आहे. मेडुसा सुंदर होती, तिचे केस विशेष सुंदर होते. समुद्रदेव नेपच्यून यानं तिच्यावर बलात्कार केला, आणि तोही मिनर्व्हा देवीच्या देवळात. ही मिनर्व्हा म्हणजे ग्रीकांची अथीना. ती बुद्धीची देवी, शस्त्रं धारण करणारी, कुमारिका. तिनं काय केलं? तोंड फिरवलं आणि ढालीआड डोळे झाकून घेतले. मग शिक्षा दिली ती मेडुसाला. तिच्या केसांचे साप केले. नेपच्यूनला कुणी जाब विचारला नाही. पुढे एका वीरानं मेडुसाचं डोकं कापलं आणि देवीनं ते आपल्या छातीवर मिरवलं.

रोम शहराच्या जन्मकथेतही हेच आहे. रिआ सिल्व्हिया ही व्हेस्टा देवीची सेविका. युद्धदेव मार्स यानं तिच्यावर जबरदस्ती केली, तिला जुळे मुलगे झाले, आणि त्यातल्या एकानं रोम वसवलं. देवाची पूजा चालू राहिली आणि बाईला राजानं कैदेत टाकलं. व्हेस्टाच्या खऱ्याखुऱ्या सेविकांबद्दल तर इतिहासच आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुली निवडत, त्यांनी तीस वर्षं ब्रह्मचर्यानं देवीचा अग्नी सांभाळायचा. त्यांना मान मोठा होता. बापाच्या सत्तेतून त्या मोकळ्या होत, स्वतःचं मृत्युपत्र करू शकत. पण व्रत मोडल्याचा आरोप सिद्ध झाला की त्यांना जिवंत पुरत. आपल्याकडे देवाला सोडलेल्या मुलींची परिस्थिती याहून वेगळी होती. त्यांना मालमत्ता नव्हती आणि ब्रह्मचर्यही नव्हतं. पण लहान मुलीचं आयुष्य तिला न विचारता देवाच्या नावे लिहून टाकायचं, ही गोष्ट दोन्हीकडे एकच. तिच्याविरुद्ध महाराष्ट्राला अगदी २००५ सालीही देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा करावा लागला.

तुम्ही म्हणाल, मग झालंच की! आपली देवी धावून येते, त्यांची तोंड फिरवते. म्हणजे आपली संस्कृती श्रेष्ठ. थांबा. आपल्या देवीच्या गोष्टीला आपण किती जागलो ते आधी पाहू.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. कारणं कोणती? अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती. त्या दिवशी न्यायदेवता त्वरिता नव्हती, तोंड फिरवणारी मिनर्व्हा होती. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तेव्हा धावून कोण आलं, तर बायकाच.

आणि अनुभूती विधवा होती, हे आपण कसं विसरतो? नवरात्रात घरोघरी सवाष्णींच्या ओट्या भरल्या जातात आणि विधवा मागच्या दारी बसते. जी देवी विधवेसाठी धावली तिच्याच उत्सवात विधवेला कुंकू नाही! इथे मला इजिप्तची इसिस आठवते, कारण ती स्वतःच विधवा आहे. तिच्या नवऱ्याला, ओसायरिसला, त्याच्या भावानं, सेथनं मारलं. लहान मुलाच्या जिवाला धोका, म्हणून ती दारोदार फिरत होती. सोबत सात विंचू. एका श्रीमंत बाईनं तिला पाहून दार लावून घेतलं, दलदलीत राहणाऱ्या एका गरीब बाईनं दार उघडलं. विंचू चिडले आणि श्रीमंत बाईच्या मुलाला डसले. आई रडू लागली. तेव्हा इसिसनंच मंत्र म्हणून त्या मुलाचं विष उतरवलं. विधवा पाहून दार लावणं ही गोष्ट सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली आहे. आपल्याकडे हेरवाड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. तुमच्या गावात तो ठराव झाला का, आणि झाला असेल तर कागदाबाहेर आला का, हे प्रत्येकीनं गेल्यावर बघावं.

दुसरी कसोटी: आईचं काय?

माहूरची रेणुका साडेतीन पीठांपैकी एक. तिची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पाण्याला गेली, तिथे जलक्रीडा करणारा गंधर्व दिसला, मन क्षणभर चळलं. जमदग्नीला ते कळलं आणि त्यानं मुलांना सांगितलं, आईचं डोकं उडवा. थोरल्यांनी नाही म्हटलं, धाकट्या परशुरामानं परशू चालवला. बाप प्रसन्न झाला, मुलानं वर मागितला आणि आई पुन्हा जिवंत झाली. माहूरला आज आपण पूजतो तो देवीचा मुखवटा, नुसतं मस्तक.

आता ग्रीसमधली गोष्ट ऐका. आगामेम्नॉन राजानं युद्धावर जाताना वारा अनुकूल व्हावा म्हणून पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी दिला. दहा वर्षांनी तो परत आला तेव्हा तिच्या आईनं, क्लायटेम्नेस्ट्रानं, त्याला मारलं. मग मुलगा ओरेस्तीस यानं आईला मारलं. आईच्या रक्ताचा सूड घेणाऱ्या जुन्या देवता, एरिनिस, त्याच्या मागे लागल्या. शेवटी अथेन्समध्ये खटला चालला. एस्किलसचं हे नाटक इ.स.पू. ४५८ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात अपोलो देव मुलाच्या वतीनं युक्तिवाद करतो की आई ही खरी जन्मदाती नव्हेच, बीज बापाचं असतं, ती फक्त ते सांभाळते. पुरावा म्हणून तो अथीनाकडेच बोट दाखवतो, कारण ती झ्यूसच्या डोक्यातून जन्मलेली, बिनआईची. मतं समसमान पडतात, अथीना पुरुषाच्या बाजूनं मत देते आणि मुलगा सुटतो. त्या चिडलेल्या जुन्या देवतांना समजावलं जातं, मानपान देऊन जमिनीखाली जागा दिली जाते. मैत्रिणींनो, हे आपल्या चांगलं ओळखीचं आहे. आधी ऐकून घ्यायचं नाही, मग हळदीकुंकू वाहून गप्प बसवायचं.

बीज आणि क्षेत्र ही भाषा आपल्याकडेही मनुस्मृतीपासून चालत आली आहे. बी पुरुषाचं, जमीन बाई, आणि पीक बीवाल्याचं. लीला दुबे या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात नेमकं यावरच लिहिलं. ही भाषा बोलून बोलून मुलावरचा आणि जमिनीवरचा, दोन्हींवरचा बाईचा हक्क कसा पुसला जातो, हे त्यांनी दाखवलं.

इजिप्तमध्येही अशी गोष्ट आहे, आणि तिचा शेवट विचार करायला लावणारा आहे. होरस आणि त्याचा काका सेथ गादीसाठी लढत होते. इसिसनं मुलाच्या बाजूनं सेथला भाला मारला, पण तो 'मी तुझा भाऊ' म्हणाला तेव्हा तिचं मन द्रवलं आणि तिनं त्याला सोडलं. होरस इतका संतापला की त्यानं आईचं डोकं कापलं. हुबेहूब परशुराम! पण तिथल्या देवांच्या राजानं काय केलं? त्याला शोधून कडक शिक्षा करा असा हुकूम दिला. म्हणजे आईचं डोकं उडवणाऱ्या मुलाला आपल्या कथेत वर मिळतो, ग्रीसमध्ये तो निर्दोष सुटतो आणि इजिप्तमध्ये त्याच्या शिक्षेचा हुकूम निघतो.

हा फरक कुठून आला? देव निराळे म्हणून? माझं म्हणणं असं आहे की नाही. जमिनीवरच्या बायकांची परिस्थिती निराळी होती आणि तिचंच प्रतिबिंब कथेत पडलं.

अथेन्स शहर देवीच्या नावाचं. डोंगरावर तिचं भव्य देऊळ, तिची पुजारीण बाई, दर सणाला बायकांनी विणलेलं वस्त्र तिला नेसवायचं. आणि त्याच शहरातल्या नागरिक घरातल्या बाईला जन्मभर एक पुरुष पालक असे. आधी बाप, मग नवरा, मग मुलगा. सुमारे बावन्न लिटरच्या एका मापात जेवढे जव मावतील, त्याहून जास्त किमतीचा व्यवहार तिला कायद्यानं करता येत नव्हता. देवीच्या हातात भाला होता आणि बाईच्या हातात पोतंभर धान्याचाही अधिकार नव्हता.

इजिप्तमध्ये बाई जमीन घेऊ-विकू शकत होती, कोर्टात उभी राहू शकत होती, घटस्फोट घेऊ शकत होती. इ.स.पू. बाराव्या शतकात तिथल्या कारागिरांच्या वस्तीत नौनाख्ते नावाची बाई होती. तिला आठ मुलं. म्हातारपणी तिनं साक्षीदारांपुढे मृत्युपत्र केलं: ज्यांनी मला सांभाळलं त्यांना माझा वाटा मिळेल, ज्यांनी सांभाळलं नाही त्यांना मिळणार नाही. ते मृत्युपत्र आजही उपलब्ध आहे. ती राणी नव्हती, पुजारीणही नव्हती. कारागिराच्या घरातली बाई होती.

पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, ती लक्षात ठेवा. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटी इजिप्तवर ग्रीक राज्यकर्ते आले. ते इसिसला मानू लागले, तिची देवळं वाढली. पण कायदे दोन झाले. एकाच गावात, एकाच इसिसला नमस्कार करणारी बाई इजिप्तच्या कायद्यानं करार करायला गेली तर एकटी सही करी, आणि ग्रीक कायद्यानं करायला गेली तर तिला पुरुष पालक सोबत न्यावा लागे. देवी तीच होती. फरक फक्त कागदात होता. त्यानंतर रोमन आले. ऑक्सिरिंकस नावाच्या गावात पपायरसच्या कागदांचे ढीग सापडले आहेत. त्यात इसिसची एक स्तुती आहे, दुसऱ्या शतकातली. इसिसनं बायकांचं बळ पुरुषांच्या बरोबरीचं केलं, असं तिच्यात म्हटलं आहे. आणि त्याच गावातला सन २६३ चा एक अर्ज आहे. एक बाई सरकारला कळवते की मला तीन मुलं आहेत, मला लिहिता-वाचता येतं, तेव्हा रोमन कायद्यानुसार मला पालकाशिवाय व्यवहार करू द्यावेत. स्तुतीत बरोबरी मिळाली होती, तरी बाईला अर्ज करावाच लागला!

आपलीही गोष्ट हीच आहे. देवी इथे हजार वर्षं होती. पण महाराष्ट्रातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं सहहिस्सेदार केलं ते १९९४ च्या कायद्यानं, आणि देशभर ते झालं २००५ साली. अल्पवयीन मुलाचा पालक आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, असं १९५६ चा कायदा म्हणतो. 'त्याच्यानंतर' म्हणजे केवळ बाप मेल्यावर नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला १९९९ साल उजाडलं. आणि सरकारी कागदावर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लावायचा नियम महाराष्ट्रात आला तो १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी. माहूरच्या मस्तकाला धड मिळायची ही कुठे सुरुवात आहे. पण कायदा झाला म्हणून सातबारावर नाव लागत नाही, हे या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत आहे. राखीपौर्णिमेला ओवाळणी घेऊन भाऊ येतो आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रही येतं. "ताई, माहेर तुटेल," असं सांगून सही घेतली जाते. मी अशा कितीतरी बहिणींबरोबर तहसीलच्या पायऱ्या चढले आहे. त्यातल्या काहींनी सही दिली, काहींनी नाही. ज्यांनी दिली नाही त्यातल्या बऱ्याच जणींचं माहेर दोन-चार वर्षांनी पुन्हा बोलू लागलं. हेही सांगायला हवं, कारण भीती सगळेच सांगतात.

तिसरी कसोटी: देवीला हात कोण लावतं?

इजिप्तमध्ये रोज पहाटे पुजारी गाभाऱ्याचं दार उघडी, देवाला जागं करी, स्नान घाली, वस्त्रं नेसवी, सुगंधी तेल लावी, नैवेद्य दाखवी. ऐकताना आपल्याच चरणतीर्थ-अभिषेकाची आठवण होते ना? आपली देवी तर वर्षातून तीन वेळा पलंगावर निजतेही. घोरनिद्रा, श्रमनिद्रा, मोहनिद्रा. महिषासुराशी लढून दमलेली बाई दसऱ्यानंतर झोपते, ही कल्पना मला फार आवडते. दमलेल्या बाईला झोप हवी, एवढं तरी पुराणानं मानलं आहे. आपल्या घरात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोण झोपतं?

पण देवीला उठवतं, न्हाऊ घालतं, साडी नेसवतं कोण? भोपे पुजारी, वंशपरंपरेनं, पुरुष. देवीची साडी पुरुष नेसवतो आणि बाई बाहेर रांगेत असते. इजिप्तमध्ये फार जुन्या काळी हाथोर देवीच्या पुजारणी मोठ्या संख्येनं होत्या. पुढे पुजारीपण हा पगारी, वतनी धंदा झाला तशा त्या मागे पडल्या आणि बहुतेक जणी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या म्हणून उरल्या. आपल्याकडे आराधी बाया संबळावर देवीची गाणी गातात, पोत नाचवतात, रात्र जागवतात. गाणं त्यांचं आहे, पण गाभारा त्यांचा नाही. शब्दाची गंमत बघा. पुजाऱ्याची पाळी आली की तो गाभाऱ्यात जातो. आपली पाळी आली की आपण देवघराच्या बाहेर. शब्द एकच आहे. त्याच्या पाळीला उत्पन्न आहे आणि आपल्या पाळीला विटाळ.

हे बदलत नाही असं नाही. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले, आणि त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजारी नेमताना बायकांना आणि सगळ्या जातींना अर्ज करायला सांगितलं. देवळात पुरुष जाऊ शकत असेल तर बाईला अडवता येणार नाही, १९५६ पासून तसा कायदाच आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली सरकारला बजावलं, आणि त्या एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. काही मैत्रिणी म्हणतात, देवळात जायचंच कशाला? जिला जायचं नाही तिनं जाऊ नये. पण न जाणं आणि अडवलं जाणं यात फरक आहे. सार्वजनिक जागेवरून बाईला विटाळ म्हणून हाकलण्याचा हक्क एका ठिकाणी मान्य केला की तोच हक्क पाणवठ्यावर, ग्रामसभेत, स्वयंपाकघरात येतो. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हाही मुद्दा माणूसपणाचा होता.

तर मग त्या पहिल्या दोन वाक्यांना आपलं उत्तर काय?

"बाईला देवी मानतात" असं म्हणणाऱ्याला शांतपणे विचारायचं: अथेन्समध्येही मानत होते, रोममध्येही मानत होते. देवी असल्यानं तिथल्या बाईला काय मिळालं? तुमच्या सातबारावर बायकोचं नाव आहे का? आणि "देवधर्म सोडा" म्हणणाऱ्या मैत्रिणीला सांगायचं: बायकांनी देवीत जे शोधलं ते खोटं नाही. अत्याचार झाला तर कुणीतरी त्वरेनं यावं, दमलेल्या बाईला झोप मिळावी, विधवेसाठी दार उघडावं. या मागण्या बायकांच्या आहेत, फक्त त्या देवीच्या तोंडून बोलल्या गेल्या. कथा कुणी सांगायच्या आणि त्यातला कुठला भाग ठळक करायचा, हे मात्र आजवर आपल्या हातात नव्हतं. ते आता घेऊ या.

येत्या नवरात्रात तीन कामं करू. एक, प्रत्येक गावात एका रात्री आराधी मेळ्याबरोबर बसून अनुभूतीची गोष्ट पूर्ण सांगायची, ती विधवा होती हे न गाळता. दोन, ओटी भरायची असेल तर गावातल्या विधवेची पहिली भरायची, आणि ती भरणारीही विधवा असू शकते. तीन, दसऱ्याच्या आत आपापल्या बैठकीतल्या प्रत्येक बाईनं तलाठ्याकडून किंवा महा-ई-सेवा केंद्रातून घरच्या जमिनीचा सातबारा काढून आणायचा. कुणाचं नाव आहे ते वाचायचं. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीनं वाचून दाखवायचं.

आणि रात्री-अपरात्री एखादी बाई मार खाऊन दाराशी आली, तर तिला 'काय केलंस म्हणून मारलं?' असं विचारायचं नाही. आधी दार उघडायचं, पाणी द्यायचं, बसवायचं. बाकीचं सकाळी विचारता येतं.